बावीस फुटांचा फेरा

उमरेड
१२ नोव्हेंबर १९६७

ती. कुसुमताईस,
सुभद्राचा उमरेडहून नमस्कार.

माझ्यापेक्षा तू तीनच महिन्यांनी मोठी, तरी ताई लिहावं लागते. सवय झाली आता.

दिवाळीले तू येशील असं वाटलं होतं. काका गेल्यापासून नागपूरचं माहेर म्हणजे तूच, अन् तुले शाळेतून फुरसत नाही. आमचं इथं बरं आहे. सासूबाईचे गुडघे तेवढे दुखून राहिले.

पत्राचं कारण असं, की आमच्या विणकर सोसायटीनं ताण्याचा ड्रम बनवायचं ठरवलं. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, आमी अजून गल्लीत खुंट्या ठोकूनच करतो. पहाटेपासून मी धागा घेऊन या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चालून राहते. बैल आला की थांबा, वारा सुटला की थांबा. ड्रम झाला तर छपराखाली एका जागी उभं राहून फिरवायचा, अन् धागा त्याच्यावर गुंडाळत जायचा. हे सेक्रेटरी झाले तेव्हापासून हेच एक घेऊन बसले आहेत.

रुपराव सुताराजवळ सागवानी दांड्या आहेत. मधल्या खांबाच्या मध्यापासून टोकापर्यंत साडेतीन फूट भरतील. दांड्यांच्या टोकाले उभ्या पट्ट्या ठोकायच्या अन् त्याच्यावरून धागा फिरवायचा. असा ड्रम एकदा फिरला तर किती फूट धागा बसेल, एवढं पाहिजे. आठ लुगड्यांच्या ताण्याले आटणं-सुटणं धरून दोनशे चाळीस फूट लागते.

मी ह्यायले म्हटलं, "मीच काढून देते." हे हसले. म्हणाले, "अवं, तीस घरच्या ताण्याचा प्रश्न आहे. तुही बहीण गणिताची मास्तरीण आहे, तिले लिही."

म्हणून लिहून राहिली. मी आपला हिशोब काढून ठेवला आहे. तुझा आला की ताडून पाहीन.

तुझी
सुभद्रा

⁂

तांडापेठ, नागपूर
२० नोव्हेंबर १९६७

चि. सौ. सुभद्रा,
तुला आणि घरातल्या लहानथोरांना माझे यथायोग्य.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. मुलींना मी नेहमी सांगते की गणित पुस्तकात राहत नाही, आणि आज माझ्याच घरून उदाहरण आलं!

तुला आता आठवत नसेल, म्हणून अगदी सुरुवातीपासून लिहिते. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. तुमची त्रिज्या साडेतीन फूट. तिची दुप्पट केली की व्यास, म्हणजे सात फूट. व्यासाला बावीसनं गुणायचं आणि सातनं भागायचं, की परीघ, म्हणजे गोलाचा पूर्ण घेर. सात गुणिले बावीस, भागिले सात. बावीस फूट. रुपराव सुतारानं नकळत किती सोयीचं माप दिलं बघ, एक तुकडाही उरला नाही. अकरा फेरे घेतले की दोनशे बेचाळीस फूट. तुम्हाला दोनशे चाळीस हवेत, दोन फूट हाताशी राहतील.

हे उदाहरण मी नववीच्या वर्गात फळ्यावर घातलं. माझी बहीण उमरेडला मागावर बसते हे ऐकून मुलींना फार नवल वाटलं.

शालिकरावांसाठी सगळं वेगळ्या कागदावर आकृती काढून लिहिलं आहे. तो कागद त्यांच्याच हाती दे. आणि त्यांना सांग, की असा विचार करणारा माणूस सोसायटीला मिळाला हे सोसायटीचं भाग्य.

मला पुढल्या वर्षी दहावीचे वर्गही मिळणार आहेत. बाकी ठीक.

तुझी
कुसुम

⁂

उमरेड
२ जानेवारी १९६८

ती. कुसुमताईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. कागद ह्यायले दिला. तो ह्यायच्या खिशातच असते. जो भेटेल त्याले घडी उलगडून दाखवतात. तुझी आकृती सुबक आहे, असं रुपरावही म्हणाला.

माझाही बावीसच आला होता. त्रिज्या म्हणजे काय ते मले आठवते, ताई. परीघही आठवते. तुले आठवत असेल की नाही माहीत नाही, पण आठवीत तुझ्या वहीतले हे हिशोब माझ्या वहीवरूनच उतरले होते.

ड्रम तयार झाला. १४ तारखेले, रविवारी, संक्रांतीच्या मुहूर्तावर चालू करायचा आहे. अध्यक्ष बाबनराव म्हणतात की ज्या बाईनं हिशोब दिला तिचा सत्कार झालाच पाहिजे. सकाळच्या छोट्या गाडीनं ये. हे स्टेशनवर घ्यायले येतील. ह्यायनं खास सांगितलं आहे की मी आग्रहानं लिहावं. म्हणून आग्रहानं लिहिते, ये.

सुभद्रा

⁂

तांडापेठ, नागपूर
१७ जानेवारी १९६८

चि. सौ. सुभद्रा,

सुखरूप पोचले. सोबत दिलेला तिळगूळ मुलींनी एका मधल्या सुट्टीत संपवला.

रविवारचा दिवस मी विसरणार नाही. इतकी वर्षं शिकवते आहे, पण कुणी माझ्या गळ्यात हार घातला नव्हता. आणि तो केवढा ड्रम! माणसापेक्षा उंच, आणि एका हातानं फिरतो. शालिकराव सगळ्यांसमोर म्हणाले, "कुसुमबाईंच्या एका कागदानं आमच्या बायकांची पायपीट वाचली," तेव्हा मला खरंच भरून आलं. मी काय केलं होतं? एक गुणाकार, एक भागाकार.

पण तू दिवसभर गप्प होतीस. चहा दिलास, जेवायला वाढलंस, ओटी भरलीस, सगळं केलंस, पण बोलली नाहीस. पहिला फेरा बसला तेव्हा तू धाग्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभी होतीस. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणालीस, "काही नाही." डोकं दुखत होतं का? की माझ्याकडून काही राहिलं? तसं असेल तर मोकळेपणी लिही.

तुझी
कुसुम

⁂

उमरेड
२६ जानेवारी १९६८

ती. कुसुमताईस नमस्कार.

डोकंच दुखत होतं.

ड्रम चांगला चालून राहिला. दिवसाले एक ताणा निघते. आमच्याही मागावर त्याच ड्रमचा चढवला. तुझ्या हिशोबाची सारे तारीफ करून राहिले. काळजी करू नको.

सुभद्रा

⁂

तांडापेठ, नागपूर
२८ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. सुभद्रा,

महिना झाला, तुझं पत्र नाही. शालिकरावांना मी दोन पत्रं टाकली, त्यांचंही उत्तर नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

काल गांधीबागेत ताराचंद शेठच्या पेढीवरून जात होते. बाबांची त्यांची जुनी ओळख, म्हणून त्यांनी हाक मारली. म्हणाले, "बेटी, तुमच्या उमरेडवाल्यांनी यंदा घात केला. लग्नसराईसाठी दोनशे आठ लुगडी ठरली होती, सव्वीस कमी पडणार म्हणतात. नवा ड्रम आणला आणि ताणे आखूड निघाले." मग हसून म्हणाले, "नागपूरच्या कुणा मास्तरणीनं हिशोब दिला होता म्हणे." त्यांना ठाऊक नव्हतं की ती मास्तरीण समोरच उभी आहे. कधी एकदा तिथून निघते असं झालं.

घरी येऊन हिशोब पुन्हा केला. तीनदा केला. आज शाळेत आमच्या पाटणकरबाईंकडून करून घेतला, आकडे सांगितले, कशासाठी ते सांगितलं नाही. बावीसच येतात, सुभद्रा. बावीसशिवाय दुसरं काही येतच नाही. मग ताणे आखूड कसे निघाले? दांड्या साडेतीन फुटांच्याच होत्या ना? रुपरावानं कमी कापल्या का?

सगळे मलाच नावं ठेवत असतील. शालिकराव काय म्हणतात? जे असेल ते लिही, पण लिही.

तुझी
कुसुम

⁂

उमरेड
१० मार्च १९६८

ताई,

दांड्या साडेतीन फुटांच्याच आहेत. रुपरावानं सूतभरही कमी कापलं नाही. तुझा हिशोबही बरोबर आहे. गोलाचा घेर बावीसच येते.

पण तो ड्रम गोल नाही.

संक्रांतीच्या दिवशी तू हार घालून उभी होती. हे मले म्हणाले, "सुभद्रा, टोक धर." मी धाग्याचं टोक धरलं. ड्रम फिरला, पहिला फेरा बसला. मी त्याच्यावरून बोट फिरवलं. धागा या पट्टीवरून त्या पट्टीवर सरळ गेला होता. मधात काय आहे? हवा. हवेत धागा वाकत नाही, ताणलेला तर नाहीच नाही. दांड्या सहा, पट्ट्या सहा, म्हणजे धाग्याचे सरळ तुकडे सहा. तो षट्कोन होता. अन् त्याची एक-एक बाजू त्रिज्येएवढी, साडेतीन फूट. कंपासानं सहा पाकळ्यांचं फूल आपण काढत होतो तेव्हापासून हे मले माहीत आहे. सहा साडेतीन एकवीस. दर फेऱ्याले एक फूट कमी. अकरा फेऱ्याले अकरा फूट कमी.

घरी काढला तेव्हा माझाही बावीस आला होता, कारण कागदावर पट्ट्या नव्हत्या. बोटाले कळलं तेव्हा डोक्याले कळलं.

त्याच वेळी धोंडबा म्हणाला. तोच तो म्हातारा, ज्याची सारी उमर गल्लीत ताणा करण्यात गेली. "शालिकराव, एक डाव दोरी गुंडाळून मोजून घेऊ का गा?" हे म्हणाले, "धोंडबा, गणितावर भरोसा नाही का तुले?" सारे हसले. तूही हसली. मी तिथंच होती, तुझ्यापासून दोन हातांवर. "मोजा" म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

तू मले विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही."

मले वाटलं, होऊ दे. एक डाव हिचं चुकू दे, अन् साऱ्यायले दिसू दे.

मनाशी मी असं ठरवलं होतं, की एखादा ताणा आखूड निघेल, लोक ओरडतील, मंग मी पुढं होऊन सांगीन, हे असं असं आहे. पण एक ताणा विणून व्हायले महिना लागते. तेवढ्यात त्या ड्रमनं सव्वीस ताणे काढून टाकले. मी रोज मोजत होती. सात झाले, आता सांगते. बारा झाले, आता सांगते. जितके जास्त झाले तितकं सांगणं जड झालं.

सव्वीस मागांवर तेच झालं. सात लुगडी पुरी, अन् आठवं अठरा फुटांवर खतम. सत्तावीस पाहिजे, अठराच. अकरातले दोन तू हाताशी धरलेल्यातून भरले, नऊ कमी पडले. दुसरा पदर विणायले धागाच नाही.

सगळ्यांत आधी पार्वतीबाईचं संपलं. एकटीच विधवा बाई, हात भल्ला जलद. ते तुकडा घेऊन माझ्याचकडं आली. रडून राहिली. "सुभद्रा, माहे डोळे गेले वं. मी कुठंतरी फेरा चुकवला असन. तीस सालांत असं नाही झालं माह्या हातून. कोणाले सांगू नको, मले माग सोडाले लावतील." मी तिले पाणी दिलं. 'तुमची चूक नाही' एवढंही मले म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मंग कोणाची?

मंग बाकीच्यांनी मागावरचे ताणे मोजून पाहिले, अन् चार दिवसांत साऱ्यांचं तसंच निघालं. सोसायटीत सभा झाली. लोकायनं ह्यायले धारेवर धरलं. कोणी म्हणे सुतार चोर, कोणी म्हणे नागपूरची बाई अर्धवट. तुझं नाव निघालं तर हे उठून उभे राहिले. म्हणाले, "बाईंले बोलाचं काम नाही. त्यायचा हिशोब बरोबर आहे. ड्रम बांधताना माहीच काही गफलत झाली. मी राजीनामा देतो." अन् दिला. बाबनरावनं घेतलाही.

मी बायांमधी बसली होती. ताई, ह्यायची जागा गेली, अन् मले कशाचं दुःख झालं सांगू? हे तुझ्यासाठी उठून उभे राहिले, त्याचं.

घरी येऊन हे हातपाय धुवून राहिले होते. मी म्हटलं, "एकवीसच येते."

"काय एकवीस?"

"फेरा. मले पहिल्या दिवशीपासून माहीत आहे."

हे लोटा हातात धरून तसेच उभे. "पहिल्या दिवशीपासून म्हणजे?"

"संक्रांतीपासून. तुमी टोक धराले लावलं तेव्हापासून."

"अन् बोलली काहून नाही?"

मी म्हटलं, "तुमी मले विचारलं होतं काय?"

ह्यायनं लोटा खाली ठेवला अन् बाहेर गेले. त्याले आज नऊ दिवस झाले. घरी जेवतात, झोपतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाईच्या हातून भाकर मागून घेतात.

आता सारं लिहितेच आहे तर हेही लिहिते. हे स्थळ तुझ्यासाठी आलं होतं. तू रडली, मले कॉलेजात जायचं आहे म्हणाली. काका म्हणाले, "मंग सुभीले दाखवा." मॅट्रिकले गणितात मले एक्याण्णव मार्क होते, तुले अठ्ठ्याहत्तर. कोणी मार्क पाहिले नाहीत. अनाथ पोरीचे मार्क कोण पाहते? कॉलेज तुझं झालं. नोकरी तुझी झाली. मले तू नको म्हटलेला नवरा मिळाला, अन् तो चांगला निघाला. तेवढं एक माझं होतं. त्याच्याही खिशात तुझा कागद आला.

मी तुझी माफी मागून राहिली असं समजू नको. पार्वतीबाईची मागायची आहे, तिची अजून मागितली नाही.

सुभद्रा

⁂

तांडापेठ, नागपूर
१९ मार्च १९६८

सुभद्रा,

तुझं पत्र वाचलं, पेटीत टाकलं आणि शाळेत गेले. परतून आले, पुन्हा वाचलं. दोन दिवस तुला काय लिहू आणि काय नको असं झालं होतं. जे लिहिलं होतं ते फाडलं.

आधी राग लिहिते. सव्वीस घरं होती, सुभद्रा. तुला मला खाली पाहायला लावायचं होतं ना? मग मला एकटीला लावायचं. पार्वतीबाई तुझ्यासमोर आपल्या डोळ्यांना दोष देत रडली आणि तू तिला पाणी दिलंस! तिच्याकडे आजच्या आज जा. माझं पत्र हातात आहे तशी ऊठ आणि जा. पुढलं नंतर वाच.

ते सव्वीस तुकडे माझ्याकडे पाठव. अठरा फूट म्हणजे सहा वार. आमच्या शाळेतल्या बायका गोल साडीच नेसतात, त्यांना सहा वारच लागतात. एका बाजूला पदर नसला तरी चालेल. मी सीताबर्डीवरच्या ओळखीच्या बायकांनाही दाखवीन. विणलेलं वाया जाऊ देऊ नका.

दांड्या आता किती लांब कराव्या हे मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस. शालिकरावांना हे पत्र दाखव आणि माझा निरोप दे, की यापुढे हिशोब लागला तर नागपूरला लिहायची गरज नाही.

हे पान संपलं. आता जे लिहिते आहे ते दुसऱ्या पानावर.

षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी असते, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. अकरा वर्षं शिकवते आहे. त्या दिवशी तो षट्कोन माझ्या पुढ्यात उभा होता, सात फुटांचा. धागा सरळ जाताना तुला दिसला, तर मला का दिसला नाही? तुझं पत्र आल्यापासून हेच स्वतःला विचारते आहे, आणि उत्तर मला ठाऊक आहे. मी ड्रमकडे पाहतच नव्हते.

शालिकराव म्हणाले, "टोक धर." त्यांनी तुझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात मागे केला. आणि तुझा हात तिथे आधीच होता. मी ते पाहत होते. असं न बघता मला कुणी कधी काही दिलेलं नाही, सुभद्रा. कुणी द्यावं असं माणूसही नाही. शाळेतून येते, कुलूप उघडते.

ते स्थळ मी नाकारलं तेव्हा माणूस नीट पाहिलाही नव्हता. संक्रांतीला पाहिला. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, तुझ्या पत्रांतून वर्षानुवर्षं पाहत होते. हे असे म्हणाले, हे तसे हसले. तो हिशोब वेगळ्या कागदावर लिहिला तो आकृतीला जागा हवी म्हणून नव्हे. त्यांच्या हातात माझं काहीतरी जावं, एवढंच होतं. याहून जास्त काही नव्हतं आणि होणारही नाही. पण तुला ते जाणवलं होतं, आणि तुझं जाणवणं खोटं नव्हतं, एवढं तरी मी तुला द्यायला हवं.

आणि मार्कांचं. कुणी पाहिले नाहीत असं तू लिहितेस. मी पाहिले होते. बाबा "सुभीला दाखवा" म्हणाले तेव्हा मी दाराआड होते. हिलाही शिकवा, ही माझ्यापेक्षा हुशार आहे, एवढं म्हणता आलं असतं, बाबांनी माझं ऐकलं असतं. मी म्हटलं नाही. तू गेल्यावर कॉलेजच्या वर्गात माझा पहिला नंबर आला. मला फार आनंद झाला होता.

तू दोन महिने गप्प बसलीस आणि मग लिहिलंस. मी पंधरा वर्षं गप्प बसले.

कुसुम

⁂

उमरेड
२८ एप्रिल १९६८

ताई,

तू म्हटलं तसं पत्र हातात होतं तशीच उठली अन् पार्वतीबाईकडं गेली. सारं सांगितलं. ते ऐकत राहिली. मंग म्हणाली, "म्हणजे माहे डोळे चांगले आहेत." मी म्हटलं, "चांगले आहेत." ते म्हणाली, "जाय आता." तेव्हापासून ते आपला ताणा पहिल्यासारखा गल्लीत खुंट्यांवर करते. मी मदतीले गेली तर धाग्याले हात लावू देत नाही. मी रोज जाते. एक दिवस लावू देईल, किंवा नाही देणार.

दांड्या तीन फूट आठ इंच पाहिजेत. सहा बाजू, एक-एक तीन फूट आठ इंचांची, म्हणजे बावीस फूट. तुले समजलंच असेल. दांडीमागं दोनच इंच वाढवायचे होते. ह्यायनं दहाव्या दिवशी मौन सोडलं. सकाळी माग पुसता पुसता, माझ्याकडं न पाहता विचारलं, "मंग आता दांडी किती करू?" मी सांगितलं. ह्यायनं दोनदा म्हणून पाहिलं, "तीन फूट आठ इंच," अन् रुपरावकडं गेले. त्यानं टोकाले दोन-दोन इंचांचे ठोकळे बसवून दिले.

नव्यानं ड्रम चालवायच्या दिवशी सारे जमले. हार नाही, भाषण नाही. लोकायचा भरोसा उडालेलाच होता. बाबनराव म्हणाले, "यावेळी कोणाचा हिशोब आहे?" हे म्हणाले, "माह्या बायकोचा. अन् भरोसा नका ठेवू, दोरीनं मोजा." धोंडबानं दोरी गुंडाळली, उलगडून जमिनीवर पसरली, अन् गजानं मोजली. बावीस फूट. धोंडबानं पुन्हा मोजली. मंग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तुले हे संक्रांतीले सांगाले काय झालं होतं वं?" सारे ऐकून राहिले होते. मी म्हटलं, "जळत होती." हे ड्रम फिरवायले लागले, म्हणून बरं झालं.

सेक्रेटरीपण ह्यायले परत मिळालं नाही. बाबनरावच्या पुतण्यानं घेतलं. ताराचंद शेठचं कामही गेलं. आता दुसऱ्या पेढीवर नमुने घेऊन जायचं आहे. लोकायचं मन अजून साफ नाही. पण ताणा घालताना जो येते तो दोरी घेऊनच येते, अन् कोणाले काही अडलं तर मले विचारते. परवा रुपराव सुतार आला होता. त्याले विहिरीच्या लाकडी कड्याचा घेर पाहिजे होता. मी आधी विचारलं, "गोल आहे ना नक्की?"

तुकडे पोचले असतील. पंचवीस पाठवले. सव्विसावा हिरवा होता, लाल काठाचा, साऱ्यांत चांगला. ह्यायनं तो वेगळा काढून ठेवला होता. म्हणाले, "हा कुसुमबाईंले, त्यायच्यासाठी म्हणून." मी तो ठेवून घेतला. तुझ्यासाठी म्हणून जांभळा वर ठेवला आहे, तोही वाईट नाही. ह्यायले अजून माहीत नाही. हिरवा मी काल नेसली. अठरा फूट मले पुरत नाही, अर्धवट गोल गुंडाळली, सासूबाई हसल्या.

तू लिहिलं ते सारं वाचलं. दाराआड उभी होती ते वाचून पहिले रडू आलं, मंग राग आला. राग अजून आहे. तुझ्यावर इतके वर्षं जळली, ते उगाचच नव्हतं, हे कळून बरंही वाटलं. तू माझ्यावर जळत असशील हे तर कधी मनातही आलं नव्हतं. मागावर बसली की एकदम आठवते, अन् हसू येते. तू खोटं समजू नको, पण मले त्याचं फार सुख झालं.

मे महिन्याची सुट्टी लागली की ये. स्टेशनवर घ्यायले मी येईन.

ह्यायले तुझ्या पत्राचं पहिलं पान वाचून दाखवलं. ह्यायनं विचारलं, "एवढंच लिहिलं?" मी म्हटलं, "एवढंच." दुसरं पान मी चुलीत घातलं.

तुझी
सुभद्रा